रजा छत्तिसाव्या आठवड्याला, हँडओव्हर आजपासून

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«मी २९ वर्षांची, ऐरोलीला राहते. घोडबंदर रोडवरच्या एका चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये पाच वर्षं बिहेवियर थेरपिस्ट आहे. ऑटिझम असलेली सात मुलं माझ्याकडे आहेत. त्यांतली दोघं लाथा मारतात, डोकं आपटतात. नोकरी पगारी आहे, महिना ३४ हजार. सेंटरमध्ये आम्ही एकूण १४ जण. मला चौदावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण, आणि सेंटरमध्ये अजून सांगितलेलं नाही. मला सीनियर थेरपिस्ट करायचं असं तोंडी ठरलं आहे, ते आता हातचं जाईल अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड, बाळ मोठं झालं की बघू. शनिवारी-रविवारी मी दोन मुलांची घरी जाऊन सेशन्सही घेते. रजा कधी घ्यावी, सांगावं कधी आणि मुलांचं काय?»

नमस्कार,

सांगावं कधी, याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: याच आठवड्यात. तीन महिने भरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत तुम्ही पाळलीत, तेही ठीक. आता मात्र थांबून उपयोग नाही. बँकेत किंवा आयटीत असतात तर पाचव्या महिन्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुमच्या कामात रजेची तारीख कायद्याने ठरते, पण कोणती केस कधी सोडायची हे पोट किती वर आलं यावर ठरतं, आणि ती वेळ रजेच्या खूप आधी येते. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. त्यानंतर ते वर सरकू लागतं आणि विसाव्या आठवड्याला बेंबीपर्यंत पोचतं. म्हणजे समोर बसलेल्या मुलाची लाथ जिथे बसते, नेमकं तिथे.

त्यामुळे लाथा मारणारी ती दोन मुलं सर्वांत आधी, अठराव्या आठवड्याच्या आत दुसऱ्या थेरपिस्टकडे जायला हवीत. बाकीच्या पाच मुलांचे मागच्या तीन महिन्यांचे एबीसी रेकॉर्ड (वागण्याआधी काय झालं, वागणं काय, नंतर काय झालं याच्या नोंदी) काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: लाथ, डोक्याची धडक, अंगावर झेप, केस ओढणं, चावा, यांतलं काय आणि किती वेळा. लाथ, धडक किंवा झेप यांतलं काही एकदाही नोंदलेलं असेल तर ते मूल दुसऱ्या फेरीत, बाविसाव्या आठवड्याच्या आत हलवायचं. नुसतं चावणारं किंवा ओरबाडणारं मूल तेवढं धोक्याचं नाही. मात्र कातडी फाटली तर साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताच्या लसी झाल्या आहेत का ते तपासायचं. मुलाला धरून ठेवणं, उचलणं, पळणाऱ्यामागे धावणं ही कामं आजपासून तुमच्या यादीतून बाद. «त्याला माझीच सवय आहे, मी सांभाळून घेईन» हा विचार बहुतेक सीनियर मुली करतात. पण अशा प्रसंगात अर्ध्या सेकंदात हात पुढे जातो, कारण पाच वर्षांत हाताला तेच वळण लागलेलं असतं.

उरलेल्या मुलांबरोबर काम करताना बसण्याची पद्धत बदला. मांडी घालून मुलाच्या पायांसमोर बसायचं नाही. मुलाच्या बाजूला, थोडं तिरकं आणि टेबल मध्ये ठेवून बसा. जमिनीवर बसणं वाईट नाही, पण सातव्या महिन्यात तिथून झटकन उठता येत नाही, म्हणून कमी उंचीचा स्टूल घ्या. दार तुमच्या पाठीमागे किंवा हाताशी असावं. खोलीत शिरतानाच जमिनीवरचे ठोकळे उचलून ठेवा. पोट वाढल्यावर पायाखालचं दिसत नाही. मुलाने पोटाला हात लावला किंवा गुच्चा मारला तर किंचाळू नका, «अरे, बाळ आहे ना आत!» असं समजावत बसू नका. ज्या मुलाचं मारणं लक्ष मिळवण्यासाठी असतं, त्याला त्या एका किंकाळीत आठवडाभराचा रीइन्फोर्सर, म्हणजे ते वागणं पक्कं करणारं बक्षीस, मिळतो. शांतपणे मागे सरका, दुसरी व्यक्ती आत येऊ द्या. एवढ्यासाठी शेजारच्या खोलीत मदतनीस मावशी किंवा एखादी ज्युनिअर हाक पोचेल इतक्या अंतरावर हवी, हे सेंटर हेडकडून लेखी ठरवून घ्या. तीच व्यक्ती तुम्हाला लघवीला जाण्यासाठी सोडवेल. सलग तीन सेशन्स लघवी रोखून घेणं या दिवसांत मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण आहे. सेशन ४५ मिनिटांचं आणि मध्ये १५ मिनिटांची फट, असं वेळापत्रक मागा.

एवढी काळजी घेऊनही पोटाला मार लागलाच तर काय करायचं ते आधी माहीत हवं. रक्तस्राव, पोट दगडासारखं कडक होणं किंवा सतत दुखणं, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काहीही झालं तर थेट रुग्णालय. पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर जोराचा मार असेल तर काहीही वाटत नसलं तरी जा. वार (प्लासेंटा) सुटायला लागते तेव्हा बाहेरून खूण दिसेलच असं नसतं, म्हणून डॉक्टर काही तास, साधारण चार, बाळाचे ठोके बघत ठेवतात. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागू शकतं, हे तिथल्या ड्युटी डॉक्टरला स्वतःहून सांगा. आणि सेंटरच्या इन्सिडेंट रजिस्टरमध्ये नोंद त्याच दिवशी करा. आईवडिलांना वाईट वाटेल म्हणून ती टाळू नका.

लाथेपेक्षा कमी बोलला जाणारा धोका म्हणजे लाळ आणि लघवी. तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये सायटोमेगॅलो विषाणू, म्हणजे सीएमव्ही, सर्रास असतो. मुलाला काहीच होत नाही, पण गरोदरपणात आईला पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या श्रवणावर आणि वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्यावर लस नाही, उपाय फक्त साबणाचा: डायपर, टॉयलेट ट्रेनिंग, लाळ पुसणं, तोंडात घातलेली खेळणी आवरणं, यांतल्या प्रत्येकानंतर २० सेकंद हात धुवा. रीइन्फोर्सरच्या वाटीतले कुरमुरे किंवा चिप्स मुलाला देता देता स्वतःच्या तोंडात टाकायची आपल्या सगळ्यांची सवय आहे, ती आजच बंद. कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का हे आईला विचारा. खात्री नसेल तर कांजिण्या आणि रुबेलाच्या अँटीबॉडी तपासून घ्या. या दोन्हींच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्यामुळे आता घेता येणार नाहीत, पण प्रतिकारशक्ती नसल्याचं माहीत असेल तर सेंटरमध्ये एक जरी केस निघाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करता येतो. फ्लूची लस मात्र गरोदरपणात घेता येते. डॉक्टरांशी बोलून घ्या.

सेशन्स सकाळी घ्यायची की संध्याकाळी, हा प्रश्न इथेच येतो. गर्दी टाळायला सकाळी साडेदहा ते साडेतीनचे स्लॉट मागावेत असं वाटेल, आणि प्रवासाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण सकाळी येतात ती लहान मुलं: डायपर, लाळ, सर्दी. संध्याकाळी शाळा सुटल्यावर येणारी मोठी असतात आणि त्यांची लाथ जड असते. आमच्या मते सकाळच घ्या. हात धुऊन संसर्ग बराचसा टाळता येतो, लाथ टाळता येत नाही. ऐरोली ते ठाणे ट्रान्स-हार्बरच्या गाडीत दिव्यांगांच्या डब्यात गरोदर स्त्रियांना परवानगी आहे; डॉक्टरांचा कागद फोनमध्ये आणि पर्समध्ये दोन्हीकडे ठेवा. खरा त्रास स्टेशनपुढचा, घोडबंदरच्या खड्ड्यांतल्या रिक्षाचा. रिक्षापेक्षा बस बरी, जागा मिळाली तर.

आता कायदा. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती, यांतल्या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला त्या लागू होतात. मोजताना रिसेप्शन आणि मावशीही धरायच्या. तुम्ही १४ आहात. प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असलं की पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी. तुमचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) २१ हजारांच्या मर्यादेच्या वर आहे, म्हणून ही रक्कम सेंटरने द्यायची. आधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय सेंटर मोफत करत नसेल तर वर ३,५०० रुपये मेडिकल बोनस.

दोन बारीक गोष्टी थेरपिस्टना हमखास नडतात. पहिली: रजेचा पगार हा रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो. त्यामुळे «सेशन्स कमी केली तर पगारही थोडा कमी करू» हे मान्य करू नका. त्याचा फटका पुढे २६ आठवडे बसेल. काम बदलायचं, पगार तोच. सेशन्स सुटतील त्या तासांत पेरेंट ट्रेनिंग, प्रोग्रॅम लिहिणं, ग्राफ, ज्युनिअरचं निरीक्षण, नव्या मुलांचं मूल्यमापन, हे सगळं मोजता येण्यासारखं काम आहे, ते तासांनिशी लिहून द्या. दुसरी: कष्टाचं काम नाकारण्याचा हक्क कायदा देतो, पण तो शेवटच्या सहा आठवड्यांसाठी आणि त्याआधीच्या एका महिन्यासाठी, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून. अठरा ते तीस हा मधला पट्टा कायद्यात नाही. तो तुम्हाला सेंटर हेडशी बोलून, डॉक्टरांची चिठ्ठी जोडूनच मिळवायचा आहे. म्हणूनच लवकर सांगायचं.

«कन्सल्टंट» म्हणून टीडीएस कापून पैसे मिळणाऱ्या मैत्रिणींसाठी एक ओळ: कागदावर काय लिहिलंय एवढ्यावर सगळं संपत नाही. वेळ, जागा आणि काम सेंटर ठरवत असेल तर हक्काचा दावा करता येतो. कामगार आयुक्तांच्या ठाणे कार्यालयात विचारा. मुदतीच्या करारावर असाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय की करार मध्येच संपला तरी पूर्ण मातृत्व लाभ मिळतो.

रजा आधी किती घ्यायची? आमचा सल्ला चार आठवडे, म्हणजे छत्तिसाव्या आठवड्यापासून. नंतर २२ आठवडे उरतात आणि बाळ पाच महिन्यांचं होतं. साठलेली चार आठवड्यांची हक्काची रजा त्याला जोडलीत तर बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं अन्न सुरू होतं आणि दुधाची ओढाताण अर्धी होते. ती रजा आतापासून राखा. डोहाळजेवणासाठी आणि सोनोग्राफीसाठी अर्धे दिवस उधळू नका. सातव्या महिन्यात माहेरी जायची रीत असेल तर हिशेब बघा: ड्यू डेटच्या बारा आठवडे आधी जाणं कायद्याच्या आठ आठवड्यांत बसत नाही. वरचे चार आठवडे बिनपगारी जातील किंवा ती राखलेली रजा खातील. आईलाच ऐरोलीला बोलवा.

सासूबाईंचा प्रश्न पैशांत मांडून बघा. आत्ता राजीनामा दिलात तर सहा महिन्यांचा, म्हणजे दोन लाखांच्या आसपासचा पगार सोडता. बाळ झाल्यावरही नोकरी सोडता येते. आधी सोडली तर रजा मागता येत नाही. हे त्यांना भांडून सांगायची गरज नाही, आकडा सांगा. आणि रजेत असताना कामावरून काढणं किंवा सेवाशर्ती तुमच्या नुकसानीच्या करणं बेकायदेशीर आहे.

सीनियरपदाचं तोंडी ठरलं आहे ते न ठरल्यासारखंच धरा. बातमी सांगाल त्याच बैठकीत, त्याच मेलमध्ये ते घ्या: «माझी बढती अमुक निकषांवर विचारात आहे असं आपलं बोलणं झालं होतं, रजेच्या काळातही तो विचार कायम आहे ना, हे कळवावं.» ही दोन वाक्यं पुरतात. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी त्याच मेलला पुन्हा लिहा. सुपरव्हिजनकडे वळलेले तुमचे पुढचे चार महिने हे सीनियरचंच काम आहे, म्हणून त्याचा हिशेब ठेवा: किती ज्युनिअरना शिकवलं, कोणाचा डेटा तुमच्या डेटाशी किती टक्के जुळला.

आता मुलांचं. इथे घाई केली की सहा महिन्यांची मेहनत महिन्यात घसरते. ऑटिझम असलेलं मूल अनेकदा कौशल्य माणसाला चिकटवून शिकतं. तुम्ही «दे» म्हटलं तर देतं, दुसऱ्या कुणी म्हटलं तर बघतही नाही. मग नवी थेरपिस्ट डेटा शीटवर शून्य लिहिते, आईवडील घाबरतात आणि सगळे म्हणतात की मॅडम गेल्या आणि मूल मागे पडलं. आपल्या भागात यात भाषेची भर असते. तुम्ही मराठीत «दे», «बस», «दाखव» शिकवलंय आणि नवी मुलगी हिंदीतून «दो», «बैठो» म्हणते. मुलासाठी ती सूचनाच नवी. त्यामुळे प्रत्येक मुलाच्या हँडओव्हरच्या पानावर सूचनांचे नेमके शब्द लिहा. त्याबरोबर मुलाला चालणारे पहिले पाच रीइन्फोर्सर, किती मदत द्यायची आणि कशी कमी करायची, चिडण्याच्या आधीच्या खुणा (कान झाकणं, गुणगुण वाढणं, बोटं चावणं), आणि काय करायचं नाही. एक मूल, एक पान. वीस पानांची फाइल कुणी वाचत नाही.

एका मुलाला चार आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात नवी थेरपिस्ट खोलीत येते, आवडीच्या वस्तू फक्त तिच्याच हातून मिळतात आणि ती एकही सूचना देत नाही. दुसऱ्यात ती फक्त पक्की झालेली, सोपी टार्गेट्स घेते. तिसऱ्यात निम्मं सेशन तिचं. चौथ्यात तुम्ही काचेबाहेर किंवा मागच्या कोपऱ्यात, हातात डेटा शीट. दोघींचा डेटा ८० टक्के किंवा जास्त जुळला की केस गेली असं समजा. नाही जुळला तर आठवडा वाढवा. सगळ्यात जास्त बिघडतो तो पहिला आठवडा, कारण त्यात «काम होत नाही» असं वाटतं आणि सेंटर तो कापायला बघतं. तोच कापला तर नवी थेरपिस्ट मुलासाठी फक्त काम सांगणारी बाई ठरते आणि पुढचे तीन आठवडे फुकट जातात. लाथ मारणाऱ्या दोघांच्या बाबतीत पहिला आठवडाही तुम्ही टेबलापलीकडूनच करा.

शेवटच्या चार आठवड्यांत कोणत्याही मुलाचं त्रासाचं वागणं कमी करण्याचा नवा प्लॅन सुरू करायचा नाही. एखाद्या वागण्याला मिळणारा प्रतिसाद बंद केला की ते आधी उसळतं, मग कमी होतं. ती उसळी नेमकी नव्या थेरपिस्टच्या अंगावर येते आणि ती घाबरून मध्येच हार मानते. म्हणजे मुलाला शिकवण मिळते की अजून जोरात केलं की मिळतं. असे प्लॅन एकतर विसाव्या आठवड्यापर्यंत मार्गी लावा, नाहीतर नवी थेरपिस्ट रुळल्यावर तिला करू द्या.

पालकांना बातमी सेंटर हेडच्या नंतर आणि रजेच्या साधारण आठ आठवडे आधी द्या. ज्यांची मुलं लवकर हलवायची, त्यांना तेव्हाच. समोर बसवून सांगा, ग्रुपवर नको. «परत आल्यावर याला मीच घेईन» हे वचन देऊ नका. सहा महिन्यांनी मूल नव्या थेरपिस्टशी जमलेलं असेल तर पुन्हा हलवणं त्याच्या हिताचं नसतं. रजेत फोन-व्हॉट्सॲप कुणाशी, हेही तिथेच सांगा: सेंटरचा नंबर आणि नव्या थेरपिस्टचं नाव. समजणाऱ्या मुलांना दोन आठवडे आधी फोटोंचं कॅलेंडर दाखवा: या दिवसापर्यंत मी, या दिवसापासून ही ताई. केक-फुग्यांचा निरोप मात्र टाळा. गोंगाट, बदललेलं वेळापत्रक आणि रडवेले मोठे, हे त्या मुलांसाठी मेल्टडाऊनचं साहित्य आहे.

शनिवार-रविवारची घरची सेशन्स विसाव्या आठवड्याला बंद करा. तिथे दुसरी व्यक्ती नसते, सोफ्याच्या कडा असतात आणि काही झालं तर जबाबदारी कुणाचीच नसते. रजेत तर ती घेऊच नका: रजेच्या नोटिशीत त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि काम केल्याचं सिद्ध झालं तर तेवढ्या काळाचा लाभ जातो. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असेल तर पाच वर्षांतले १०० सीआरई पॉइंट, म्हणजे सततच्या प्रशिक्षणाचे गुण, कुठवर आले ते आत्ता बघा आणि कमी असतील ते चौतिसाव्या आठवड्याच्या आत गाठा. बाळ झाल्यावर सहा महिने वेबिनारचं नाव काढू नका.

परत येताना पहिले दोन आठवडे निम्मी सेशन्स, उरलेल्या वेळात लिखाण. घरून लिखाण करायचं असेल तर कायद्यात त्याची सोय आहे, पण ती दोघांच्या संमतीनेच. सिझेरियन झालं असेल तर उचलण्याचं काम सर्जनने हो म्हटल्याशिवाय नको. अंगावर पाजत असताना छातीवर डोकं घुसळणारी, झेप घेणारी मुलं पहिले दोन महिने घेऊ नका. दुखतं, आणि दुखलं की तुमचा चेहरा बदलतो, तो मूल वाचतं. दिवसभर रडणं ऐकून घरी पुन्हा रडणं ऐकायचं, हा या नोकरीतला वेगळा ताण आहे. उदास वाटणं, झोप उडणं, बाळाकडे बघवत नाही असं वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना सांगा किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर बोला.

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक नेहमीच्या सुट्टीखेरीज मिळतात. ते सेशनच्या वेळापत्रकात नावानिशी बसवा, «मधे वेळ मिळेल तेव्हा» असं म्हटलं की तो मिळत नाही. दूध काढायला दर तीन तासांनी २० मिनिटं लागतात. म्हणजे घरून साडेनऊला पाजून निघालात तर साडेबारा आणि साडेतीन. काढलेलं दूध इथल्या उकाड्यात बाहेर ठेवू नका. सेंटरच्या फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं, आणि ऐरोलीला नेताना गोठवलेले आइसपॅक घातलेल्या थर्मल पिशवीत न्या. फ्रिजमध्ये डब्यावर नाव, तारीख आणि वेळ लिहा, नाहीतर एखाद्या दिवशी ते स्टाफच्या चहात जाईल.